संख्या कमी असताना सभागृहात नियम कसे वापरावेत

प्रश्न असा आहे: सरकारकडे स्पष्ट बहुमत असेल आणि प्रत्येक विधेयक मंजूर होणारच असेल, तर विरोधी सदस्यांनी नियमांवरून वाद घालण्याला अर्थ काय? 'चर्चा कोणत्या नियमाखाली घ्यायची' यावरून अधिवेशनाचे दिवसच्या दिवस वाया जातात, ते कशासाठी?

अर्थ आहे, फक्त योग्य आयुध उचलले पाहिजे. प्रत्येक संसदीय आयुधाबाबत आधी एकच गोष्ट तपासावी: ते चालवायला कोणाची संमती लागते? काही आयुधे एकटा सदस्य चालवू शकतो. काहींना ठरावीक संख्या लागते. काही अध्यक्षांच्या अनुमतीवर अवलंबून असतात. आणि काही दिसायला विरोधकांची असली तरी त्यांची किल्ली सरकारच्या खिशात असते. अधिवेशने वाया जातात ती बहुतेक वेळा या शेवटच्या प्रकारावर सगळी ताकद लावल्यामुळे.

लोकसभेतला नेहमीचा वाद घ्या, नियम १८४ की नियम १९३. १८४ खाली प्रस्ताव मांडला जातो आणि शेवटी त्यावर मतदान होते. १९३ खाली अल्पकालीन चर्चा होते, मंत्री उत्तर देतात, मतदान होत नाही. १९३ च्या सूचनेला आणखी किमान दोन सदस्यांच्या सह्या पुरतात. १८४ चा प्रस्ताव मात्र अध्यक्षांनी दाखल करून घ्यावा लागतो आणि त्यासाठी दिवस ठरतो तो सभागृह नेत्याशी सल्लामसलत करून. म्हणजे सरकारने मनावर घेतल्याशिवाय दिवस मिळत नाही. २०१२ च्या हिवाळी अधिवेशनात किरकोळ व्यापारातील थेट परकीय गुंतवणुकीवर विरोधक १८४ साठी अडून बसले, सुरुवातीचे दिवस त्यात गेले आणि अखेर सरकारने ते मान्य केले. ५ डिसेंबरला मतदान झाले तेव्हा विरोधकांचा प्रस्ताव २१८ विरुद्ध २५३ मतांनी फेटाळला गेला. तरी हट्ट फुकट गेला असे मी म्हणणार नाही. सरकारला बाहेरून पाठिंबा देणाऱ्या पक्षांना भाषणात विरोध करून मतदानाच्या वेळी काय करायचे हे उघडपणे ठरवावे लागले, आणि त्यातल्या दोन पक्षांनी सभात्याग केला. मतदानाच्या नियमाचा खरा उपयोग हाच. सरकार पडत नाही, पण कोण कुठे उभा आहे याची नोंद होते. सरकारच्या आघाडीत अशी फट असेल तेव्हाच १८४ साठी दिवस खर्च करावेत. एकाच पक्षाचे भक्कम बहुमत असेल तर १९३ खाली मिळणारे काही तास जास्त मोलाचे असतात.

राज्यसभेत हाच वाद नियम १७६ विरुद्ध नियम २६७ असा होतो. १७६ म्हणजे अल्पकालीन चर्चा. २६७ हा खरे तर चर्चेचा नियम नाही. त्या दिवसाच्या कार्यक्रमपत्रिकेवरील कामाशी संबंधित एखादा नियम स्थगित ठेवण्याचा तो मार्ग आहे आणि सभापतींच्या संमतीशिवाय तो पुढे सरकत नाही. २०१६ मध्ये नोटाबंदीवर त्याखाली चर्चा झाली होती. जुलै २०२३ मध्ये मणिपूरच्या प्रश्नावर सरकार १७६ ला तयार होते, विरोधक २६७ वर ठाम होते आणि राज्यसभेत कोंडी झाली. तेव्हा विरोधकांनी लोकसभेत जे केले ते अभ्यासण्यासारखे आहे. त्यांनी अविश्वास प्रस्ताव आणला, म्हणजे ज्याची किल्ली सरकारकडे नाही असे आयुध निवडले.

नियम १९८ खाली अविश्वास प्रस्तावाची सूचना सकाळी दहापूर्वी द्यायची. कारणे लिहायची गरज नाही. अध्यक्ष ती वाचून दाखवतात, पाठिंबा देणाऱ्यांना उभे राहायला सांगतात आणि किमान ५० सदस्य उभे राहिले की प्रस्ताव मांडण्याची अनुमती मिळते. तिथून दहा दिवसांच्या आत चर्चा घ्यावीच लागते. २०२३ चा प्रस्ताव आवाजी मतदानाने फेटाळला जाणार हे सर्वांना माहीत होते. पण ८ ते १० ऑगस्ट असे तीन दिवस चर्चा झाली आणि पंतप्रधानांना सभागृहात उत्तर द्यावे लागले. १९६३ मध्ये आचार्य कृपलानींनी नेहरूंच्या सरकारविरुद्ध आणलेला लोकसभेतला पहिला अविश्वास प्रस्ताव तर ६२ विरुद्ध ३४७ असा पडला होता. सरकार पाडणे एवढाच या आयुधाचा हेतू मानला तर त्याचा निम्मा उपयोग हातातून निसटतो.

इथे एक अडचण हमखास येते. ५० सदस्य मोजायचे तर सभागृह शांत असावे लागते. मार्च २०१८ मध्ये अविश्वासाच्या सूचना रोज दिल्या जात होत्या, पण इतर काही पक्षांचे सदस्य आपापल्या मागण्यांसाठी हौद्यात, म्हणजे अध्यक्षांच्या आसनासमोरच्या मोकळ्या जागेत, उतरलेले होते. सभागृहात सुव्यवस्था नसल्यामुळे मोजणी करता येत नाही, असे अध्यक्ष सांगत राहिल्या आणि अधिवेशन संपले. जुलैत सूचना स्वीकारली गेली, २० जुलैला मतदान झाले, बाजूने १२६ आणि विरोधात ३२५. म्हणून अशी सूचना देण्याआधी गोंधळ घालणाऱ्या छोट्या पक्षांशी बोलून ठेवावे लागते. निदान त्या पाच मिनिटांसाठी त्यांनी जागेवर बसावे, एवढे तरी ठरले पाहिजे.

स्थगन प्रस्ताव, म्हणजे ठरलेले कामकाज थांबवून तातडीच्या विषयावर चर्चा मागणारा प्रस्ताव, ही अविश्वासाच्या खालची पायरी. लोकसभेत तोही ५० सदस्यांच्या बळावर चालतो, पण त्याआधी अध्यक्षांची संमती लागते. विषय निश्चित, तातडीचा, सार्वजनिक महत्त्वाचा आणि नुकताच घडलेला असावा लागतो, आणि एका सूचनेत एकच विषय चालतो. बहुतेक सूचना इथेच कोसळतात. 'शेतकऱ्यांची दुरवस्था' हा निश्चित विषय नाही, तो वर्षानुवर्षांचा प्रश्न आहे. अमुक तारखेला अमुक ठिकाणी अमुक घडले आणि त्यात सरकार चुकले, अशी मांडणी हवी. त्यात सरकारवर ठपक्याचा अंश असतो. मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार आहे, राज्यसभेला नाही, म्हणून राज्यसभेत हा प्रस्ताव नाहीच.

आता एकट्या सदस्याच्या हातातली आयुधे. नवखे सदस्य यांना कमी लेखतात आणि ते मला खटकते, कारण जो हक्क कोणी हिरावून घेऊ शकत नाही तोच रोज वापरायचा असतो. लोकसभेत एका दिवसासाठी २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न निवडले जातात. सूचना किमान पूर्ण १५ दिवस आधी द्यावी लागते. तारांकित प्रश्नाला तोंडी उत्तर मिळते आणि पूरक प्रश्न विचारता येतात, अतारांकितला फक्त लेखी उत्तर मिळते. मूळ प्रश्न साधा, आकडेवारी मागणारा ठेवावा आणि धारदार भाग पूरक प्रश्नासाठी राखावा. पूरक प्रश्न म्हणून भाषण केले तर मंत्रीही भाषणानेच उत्तर देतात आणि हातात काही येत नाही. 'हो किंवा नाही', 'किती', 'कोणत्या तारखेपर्यंत' यांपैकी एकावर संपणारा प्रश्न टाळणे अवघड जाते. उत्तर अपुरे वाटले तर त्यावर अर्धा तास चर्चेची सूचना देता येते.

वटहुकूम निघाला असेल तर तो नामंजूर करण्याचा वैधानिक ठराव कोणीही एक सदस्य देऊ शकतो. वटहुकुमाची जागा घेणाऱ्या विधेयकाबरोबरच त्यावर चर्चा होते आणि ठराव मांडणारा आधी बोलतो. छोट्या पक्षाला पक्षनिहाय वाटणीत तीन-चार मिनिटे मिळतात, या वाटेने पहिले भाषण मिळते. तसेच कायद्याखाली केलेले नियम बहुतेक केंद्रीय कायद्यांनुसार ३० दिवस सभागृहासमोर ठेवावे लागतात. तेवढ्या काळात ते रद्द करण्याचा किंवा बदलण्याचा प्रस्ताव देता येतो. पटलावर ठेवलेल्या कागदांची यादी रोज वाचणारे सदस्य फार थोडे असतात आणि मुदत कधी उलटून गेली हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

विधेयकावरील दुरुस्त्यांची सूचना लोकसभेत किमान एक दिवस आधी द्यावी लागते. विधेयक आज मांडून उद्याच विचारात घेतले की मुदत पाळणे कठीण होते, अशा वेळी मुदतीत सूट देण्याची विनंती अध्यक्षांकडे लेखी करावी, तोंडी नव्हे. विधेयक मांडण्यालाच विरोध करायचा असेल तर त्या दिवशी सकाळी दहापूर्वी सूचना हवी. आणि सभागृहाला तो कायदा करण्याचा अधिकारच नाही, असा मुद्दा असेल तरच सविस्तर चर्चेला वाव मिळतो. 'विधेयक वाईट आहे' हे कारण तिथे चालत नाही, ते पुढच्या टप्प्यावर मांडायचे.

एकट्याच्या हातातले सर्वांत महत्त्वाचे आयुध म्हणजे मतविभाजनाची, म्हणजे आवाजावर न भागवता मते प्रत्यक्ष नोंदवून मोजण्याची, मागणी. यातच सर्वाधिक गफलती होतात, म्हणून जरा तपशिलात सांगतो. लोकसभेच्या नियम ३६७ प्रमाणे अध्यक्ष प्रश्न मतास टाकतात, 'होय' आणि 'नाही'चा आवाज ऐकतात आणि आपले मत सांगतात. या मताला लगेच हरकत घ्यायची असते. हरकत आली की लॉबी मोकळ्या करण्याचा आदेश होतो. साडेतीन मिनिटांनी प्रश्न दुसऱ्यांदा मतास टाकला जातो. तेव्हा पुन्हा हरकत घ्यावी लागते. पहिल्यांदा ओरडून दुसऱ्यांदा गप्प बसले की मतविभाजन हातचे जाते. मागणी अनावश्यक आहे असे अध्यक्षांना वाटले तर ते दोन्ही बाजूंना उभे करून शिरगणती करू शकतात, पण त्यात नावांची नोंद होत नाही. नावे नोंदवली जावीत हाच मागणीचा हेतू असेल तर तसे त्याच क्षणी स्पष्ट म्हणावे.

मागणी आपल्या जागेवरून करावी, हे तर कधीच विसरू नये. २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत कृषी विधेयके आवाजी मतदानाने मंजूर झाली. मतविभाजनाची मागणी केली होती, असे विरोधक सांगत राहिले. मागणी जागेवरून झाली नाही आणि सभागृह सुरळीत नव्हते, असे पीठासीन अधिकाऱ्यांच्या बाजूने सांगितले गेले. दुसऱ्या दिवशी आठ सदस्य निलंबित झाले. माझे मत स्पष्ट आहे: एका सदस्यानेही मागणी केली असेल तर मते मोजली गेलीच पाहिजेत, कारण मोजणी ही अल्पसंख्येची एकमेव खात्री आहे. पण अध्यक्षांना नकाराचे कारण मिळू नये ही जबाबदारी मागणी करणाऱ्याची आहे. म्हणून आधी ठरवून घ्यावे. घोषणा देणारे कोणीही असोत, दोन सदस्य प्रत्येक मतदानाच्या वेळी आपल्या जागेवर, माइकसमोर उभे राहतील आणि फक्त मतविभाजन मागतील. महाराष्ट्र विधानसभेतही १२ नोव्हेंबर २०१४ रोजी विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाला आणि त्यावरून वाद पेटला. ४ जुलै २०२२ च्या ठरावावर शिरगणती झाली, १६४ विरुद्ध ९९. त्या आकड्यांवर शंका घ्यायला जागा उरली नाही.

मोजणीचा धाक सत्ताधाऱ्यांना असतोच. घटनेच्या अनुच्छेद १०० नुसार निर्णय होतो तो उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांच्या बहुमताने, एकूण संख्येच्या नव्हे. ३१ जुलै २०१७ रोजी मागासवर्ग आयोगाला घटनात्मक दर्जा देणाऱ्या विधेयकावर राज्यसभेत सत्ताधारी बाकांवर पुरेसे सदस्य नव्हते. विरोधकांची दुरुस्ती मंजूर झाली आणि विधेयकाचे तिसरे कलमच गळाले. उरलेले विधेयक मंजूर झाले खरे, पण ते लोकसभेकडे परत गेले आणि काम पुरे व्हायला ऑगस्ट २०१८ उजाडला. मार्च २०१५ मध्ये राष्ट्रपतींच्या अभिभाषणावरील आभार प्रस्तावाला सीताराम येचुरी यांची काळ्या पैशाविषयीची दुरुस्तीही राज्यसभेत अशीच मंजूर झाली होती. सत्ताधारी प्रतोदाचे खरे काम भाषणांच्या याद्या करण्याचे नसून मतदानाच्या घटकेला माणसे जागेवर बसवण्याचे असते. गणपूर्ती, म्हणजे कामकाज चालवायला लागणारी किमान उपस्थिती, राखण्याची जबाबदारीही सरकारची. लोकसभेत ५५, महाराष्ट्र विधानसभेत २९ आणि विधान परिषदेत १०. गणपूर्ती नाही हे दाखवून द्यायला एक सदस्य पुरतो. मात्र संध्याकाळी आपल्याच मागणीवरची चर्चा चालू असताना हा मुद्दा काढला तर चर्चा आपलीच बुडते.

हरकतीचा मुद्दा सर्वांत जास्त वापरला जातो आणि सर्वांत जास्त वाया जातो. नियम ३७६ प्रमाणे तो त्या क्षणी सभागृहासमोर असलेल्या कामाशीच संबंधित हवा आणि एखाद्या नियमाच्या किंवा अनुच्छेदाच्या पालनाबद्दलच हवा. माहिती मागण्यासाठी किंवा मंत्र्यांना खोडून काढण्यासाठी तो नाही. उभे राहताच पहिल्या वाक्यात नियमाचा क्रमांक सांगावा, दुसऱ्या वाक्यात भंग कुठे झाला ते सांगावे आणि बसावे. क्रमांक न सांगता सुरुवात केली की अध्यक्ष 'कोणता नियम?' असे विचारतात आणि मुद्दा तिथेच मरतो. महाराष्ट्राच्या सभागृहांत औचित्याचा मुद्दा निराळा असतो. त्यात नियमभंग दाखवावा लागत नाही, पण त्यावर निर्णयही मिळत नाही. दोन्हींची सरमिसळ करू नये. आरोप करायचा असेल तर नियम ३५३ प्रमाणे अध्यक्षांना आणि संबंधित मंत्र्यांना आधी कळवावे लागते. तसे न केल्यास वाक्य कामकाजातून काढले जाते आणि दुसऱ्या दिवशी ते उद्धृत करायलाही उरत नाही.

गोंधळाबद्दल. हौद्यात उतरून घोषणा देणाऱ्याचे नाव अध्यक्षांनी घेतले की नियम ३७४-अ खाली तो आपोआप पाच बैठकांसाठी किंवा उरलेल्या अधिवेशनासाठी, यांतला जो काळ कमी असेल तितका, निलंबित होतो. डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांचे मिळून १४६ सदस्य निलंबित झाले. त्यांचे प्रश्न यादीतून वगळले गेले आणि २० व २१ डिसेंबरला तीन नवी फौजदारी विधेयके मंजूर झाली तेव्हा ते आत नव्हते. इतक्या मोठ्या प्रमाणावरचे निलंबन सभागृहाला शोभणारे नाही, असेच मला वाटते. पण निलंबित सदस्य दुरुस्ती मांडू शकत नाही, मतविभाजन मागू शकत नाही, हा हिशेब निषेधाला उतरण्याआधी करायला हवा.

निलंबनालाही मर्यादा आहे. ५ जुलै २०२१ रोजी महाराष्ट्र विधानसभेने १२ सदस्यांना एक वर्षासाठी निलंबित केले. २८ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, चालू अधिवेशनाच्या पलीकडचे निलंबन घटनाबाह्य आहे. अनुच्छेद १२२ आणि २१२ नुसार कार्यपद्धतीतील अनियमिततेसाठी न्यायालय कामकाजात डोकावत नाही, पण बेकायदेशीरपणा किंवा घटनाभंग असेल तर डोकावते. म्हणून वादाची बाजू मांडताना 'नियम मोडला' यावर थांबू नये, कोणता अनुच्छेद मोडला तेही त्याच वेळी नोंदवून ठेवावे.

विरोधी पक्षनेतेपदाबाबत एक गैरसमज दूर करतो. संसदेसाठी असलेल्या १९७७ च्या कायद्यात एक दशांश सदस्यसंख्येची अट नाही. विरोधातील सर्वांत मोठ्या पक्षाचा, पीठासीन अधिकाऱ्यांनी मान्यता दिलेला नेता, एवढीच व्याख्या आहे. एक दशांशाचा निकष पक्षांना मान्यता देण्याविषयीच्या अध्यक्षांच्या निर्देशांतून आणि प्रथेतून आला. २०१४ मध्ये ४४ आणि २०१९ मध्ये ५२ जागा असताना काँग्रेसला ते पद मिळाले नाही, २०२४ मध्ये ९९ जागांवर मिळाले. लोकसभेचे उपाध्यक्षपद तर २०१९ ते २०२४ पूर्ण काळ रिकामे राहिले. अनुच्छेद ९३ मध्ये 'शक्य तितक्या लवकर' असे म्हटले आहे, पण तारीख दिलेली नाही. तारीख नसलेल्या तरतुदी बहुमताच्या सोयीने चालतात, आणि त्या बदलून घेण्यासाठी नियम समितीत सातत्याने लेखी मागणी करणे हाच मार्ग आहे.

समित्यांमध्ये चित्र वेगळे असते. सरकारी खर्चाचे हिशेब तपासणाऱ्या लोकलेखा समितीचे अध्यक्षपद १९६७ पासून प्रथेने विरोधकांकडे आहे, २२ सदस्य प्रमाणशीर पद्धतीने निवडले जातात आणि मंत्री तिचा सदस्य होऊ शकत नाही. घटनेची दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदीचा कायदा, सभागृहातील मतदानाला लागू होते, समितीतील मताला नाही. सत्ताधारी बाकांवरचा नाराज सदस्य सभागृहात व्हिपमुळे, म्हणजे पक्षाच्या आदेशामुळे, गप्प बसेल, समितीत तो तुमच्या प्रश्नाला दुजोरा देऊ शकतो. सरकारी अधिकाऱ्यांना कागद घेऊन बोलावता येते. ज्याच्याकडे संख्या नाही त्याने आपला अभ्यासाचा निम्मा वेळ इथे द्यावा.

शेवटी, मंत्र्यांचे उत्तर संपले की काम संपत नाही. 'तपासून पाहू', 'चौकशी करू', 'विचाराधीन आहे' अशी वाक्ये आश्वासन म्हणून नोंदवली जातात आणि लोकसभेच्या आश्वासन समितीच्या पद्धतीनुसार ती तीन महिन्यांत पुरी करायची असतात. त्या दिवशीचे असंशोधित कामकाज संध्याकाळी काढून घ्यावे, मंत्र्यांच्या वाक्याखाली रेघ मारावी आणि ते आश्वासनांच्या यादीत आले का ते पाहावे. आले नसेल तर समितीला दोन ओळींचे पत्र पाठवावे, पान क्रमांकासह.